ख्रिस्ताच्या बलिदानाचे उपकारस्मरण

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, उपवासकाळाच्या पाचव्या शुक्रवारी, क्रुसाच्या वाटेच्या भक्तीनंतर केलेले प्रवचन)



क्रुसाच्या वाटेची चौदा स्थाने आपण आताच प्रार्थनापूर्वक चालून आलो आहोत. आज महोत्सवाविषयी दोन शब्द बोलावे, अशी महोत्सव समितीची आम्हांस विनंती होती. परंतु समोर पाहावे तर वेदीवर जांभळे वस्त्र आहे, फुलदाण्या रिकाम्या आहेत, आणि शुभ शुक्रवारास अवघे दोन आठवडे उरले आहेत. अशा समयी महोत्सवाची भाषा कशी बोलावी, ह्या विचारात आम्ही काही दिवस होतो. शेवटी आमच्या ध्यानी आले की, ह्या दोन गोष्टी वस्तुतः एकच आहेत. पन्नास वर्षांमागे ज्यांनी हे मंदिर उभारिले त्यांचे उपकार स्मरणे हा जसा महोत्सव, तसे ज्याने आपला प्राण वेचून आपणांस उभारिले त्याचे उपकार स्मरणे हा उपवासकाळ. म्हणून आज आम्ही एकाच गोष्टीविषयी बोलणार आहोत, ती म्हणजे कृतज्ञता.

आपल्या भाषेतील हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. कृत म्हणजे केलेले, आणि ज्ञ म्हणजे जाणणारा. आपणांसाठी कोणी काय केले हे जो जाणतो तो कृतज्ञ. आणि केलेल्याचा जो घात करितो तो कृतघ्न. ध्यानात घ्यावे की, ह्या शब्दात रडण्याचा उल्लेख नाही, गोड बोलण्याचाही नाही. प्रथम जाणणे आहे. बाकीचे सर्व त्यामागून येते.

क्रुसाच्या वाटेची स्थाने चौदा असावीत, असे पोप बारावे क्लेमेंट यांनी १७३१ साली ठरवून दिले. त्यांतील आठव्या स्थानाशी आपण आज क्षणभर अधिक थांबलो होतो. यरुशलेम नगरीच्या स्त्रिया वाटेवर उभ्या राहून प्रभूसाठी ऊर बडवून शोक करीत आहेत. त्यांचे अश्रू खोटे नव्हते. तरी प्रभूने त्यांस काय सांगितले? आपल्यासाठी रडू नये, तर स्वतःसाठी व आपल्या लेकरांसाठी रडावे, असे सांगितले. ज्याच्या खांद्यावर क्रूस आहे, ज्याच्या पाठीची कातडी फटक्यांनी सोलली आहे, तो म्हणतो की माझी कीव करू नका! हे आश्चर्य नव्हे काय? परंतु ह्यात मोठे मर्म आहे. कीव करणारा मनुष्य दुरून पाहतो. दुःख दुसऱ्याचे असते, आणि आपण केवळ पाहणारे असतो. कृतज्ञ मनुष्यास दूर उभे राहताच येत नाही, कारण हे दुःख आपल्यासाठी सोसलेले आहे, हे त्यास ठाऊक असते. वर्षानुवर्षे शुभ शुक्रवारी आपले डोळे भरून येतात. ते कीव म्हणून भरतात की कृतज्ञतेने भरतात, हे प्रत्येकाने आपल्या अंतःकरणास विचारावे.

तर मग प्रथम जाणून घेऊ या की, काय केले गेले. आज क्रूस सोन्याचा करून आपण गळ्यात घालितो, घराच्या दारावर लावितो, थडग्यावर उभारितो. प्रभूच्या काळी तो असा नव्हता. क्रुसावर मारणे ही रोमन साम्राज्यातील सर्वांत लाजिरवाणी शिक्षा होती. ती मुख्यत्वे गुलामांस व बंडखोरांस देत असत. सिसेरो नावाच्या रोमन वक्त्याने प्रभूच्या जन्मापूर्वी सुमारे साठ वर्षे भरसभेत म्हटले होते की, क्रूस हा शब्दसुद्धा रोमन नागरिकाच्या कानी पडू नये. आणि यहुदी लोकांच्या धर्मशास्त्रानुसार लाकडावर टांगलेला मनुष्य शापित गणला जाई. म्हणजे राजसत्तेच्या दृष्टीने गुलामाचे मरण आणि धर्माच्या दृष्टीने शापिताचे मरण, अशी दोन्ही मरणे प्रभूने एकाच झाडावर पत्करिली. ती कोणासाठी? संत पौलाने गलतीकरांस लिहिताना एकवचन योजिले आहे. देवाच्या पुत्राने आपणावर प्रीती केली व आपणासाठी स्वतःस अर्पण केले, असे तो स्वतःपुरते म्हणतो. जगासाठी, मानवजातीसाठी, असे म्हणणे सोपे असते. परंतु “माझ्यासाठी” असे म्हणताना जीभ अडखळते. जेथे ती अडखळते, तेथूनच जाणण्यास प्रारंभ होतो.

हे जाणणे आपल्या लोकांस आपल्या भाषेत मिळावे, म्हणून केवढे कष्ट झाले आहेत! फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आले आणि १६१९ साली ह्याच भूमीत दिवंगत झाले. ह्या चाळीस वर्षांत त्यांनी येथील भाषा अशी आत्मसात केली की, प्रभूची जीवनकथा त्यांनी मराठी ओवीत गायिली. १६१६ साली रायतूर येथे छापलेले त्यांचे ख्रिस्तपुराण आज चारशेहून अधिक वर्षांचे झाले. दूर देशीच्या एका मनुष्याने आपल्या ओवीत प्रभूचे दुःख सांगावे, आणि आपण मात्र ते कान असून ऐकू नये, हे योग्य होईल काय?

बंधुभगिनींनो, आता दुसरी गोष्ट. आम्ही सेमिनरीत शिकत होतो तेव्हा आमच्या एका वृद्ध गुरुजींनी एक प्रश्न विचारिला होता. जगातील अत्यंत कठीण उपकारस्तुती कोणी व कधी केली? आम्ही तरुण विद्यार्थी. कोणी संतांची नावे घेतली, कोणी हुतात्म्यांची. गुरुजी म्हणाले की, ज्या रात्री प्रभूस धरून देण्यात आले त्या रात्री ती झाली. संत पौल आणि शुभवर्तमानकार साक्ष देतात की, त्या रात्री प्रभूने भाकर हाती घेतली, आणि ती मोडण्यापूर्वी पित्याचे आभार मानिले. उद्या आपले शरीर ह्या भाकरीप्रमाणेच मोडले जाणार, हे त्यास ठाऊक होते. विश्वासघात करणारा त्याच मेजावर बसला होता. तरी त्याने आभार मानिले. आणि भोजनानंतर स्तोत्र गाऊन ते सर्व जैतुनांच्या डोंगराकडे निघाले.

म्हणूनच पवित्र मिस्साबलीस प्रारंभीच्या ख्रिस्ती लोकांनी जे ग्रीक नाव दिले, त्या युखारिस्त ह्या शब्दाचा अर्थच मुळी उपकारस्तुती असा आहे. इसवी सन १५५ च्या सुमारास संत जस्टीन यांनी रोममधील उपासनेचे वर्णन लिहून ठेविले. त्यात पुढाकार घेणारा भाकर व द्राक्षारस ह्यांवर यथाशक्ती उपकारस्तुती करितो, आणि सर्व लोक आमेन म्हणून तीस संमती देतात, असे सांगितले आहे. आजही आपण तेच करितो. म्हणजे प्रभूच्या बलिदानाबद्दल आपण जे आभार मानितो, ते आपण नव्याने शोधून काढिलेले नव्हेत. आपल्या बलिदानासमयी त्यानेच पित्याचे जे आभार मानिले, त्यांत आपण आपला दुबळा स्वर मिळवितो. ह्यास्तव रविवारची मिस्सा चुकविणे म्हणजे केवळ एक नियम मोडणे नव्हे. आभार मानण्याच्या वेळी जागेवर नसणे होय.

परंतु जागेवर असूनही आभार मानायचे राहून जाऊ शकतात! संत लूकने दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट सांगितली आहे. प्रभूने त्यांस याजकांकडे जाऊन स्वतःस दाखविण्यास सांगितले, आणि जाता जाता ते शुद्ध झाले. त्यांतील एकच, तोही परकी शोमरोनी, मागे फिरला आणि प्रभूच्या पायांशी पालथा पडला. बाकीचे नऊ कोठे आहेत, असे प्रभूने विचारिले. आम्ही लहानपणी ही गोष्ट ऐकिली तेव्हा ते नऊजण आम्हांस मोठे दुष्ट वाटत. आता पन्नाशी उलटल्यावर तसे वाटत नाही. त्यांनी काय वाईट केले? त्यांस सांगितले होते तेच ते करीत होते. ते याजकांकडे गेले असतील, विधी केला असेल, अर्पण दिले असेल. धर्माचा नियम त्यांनी पाळिला; केवळ ज्याने बरे केले त्याच्याकडे वळून पाहावयाचे राहिले.

ही गोष्ट आपणांसारख्या नियम पाळणाऱ्यांसाठीच सांगितली आहे, अशी आम्हांस भीती वाटते. आपले आजोबा-आजी उपवासकाळात जे कडक उपवास करीत, त्यांच्या मानाने आजचे नियम सौम्य आहेत. १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी ते बदलिले. आता राखेचा बुधवार व शुभ शुक्रवार हे दोनच दिवस बंधनकारक उपवासाचे आहेत, आणि तेही प्रौढांस साठाव्या वर्षात पदार्पण करीपर्यंतच. मांसवर्ज्याचा नियम चौदा वर्षे पूर्ण झालेल्यांस लागू आहे. हे नियम सैल केले ते आपण सैल व्हावे म्हणून नव्हे. प्रायश्चित्त, प्रार्थना व दानधर्म ही जबरदस्तीने न होता अंतःकरणातून व्हावीत, हा त्यातील हेतू होता. नियम एक पाऊल मागे सरला, तो कृतज्ञतेने एक पाऊल पुढे यावे म्हणून. ती पुढे आली काय? नियमाने रिकामी केलेली जागा रिकामीच राहिली असेल, तर आपण त्या नऊजणांपैकी आहोत.

मागे फिरलेला मनुष्य कसा असतो, हे पाहावयास आपणांस दूर जावे लागत नाही. आपल्या वसईच्या मातीत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया हे प्रथम जपानात व्यापार करीत होते. पुढे मनिला येथे त्यांनी फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून प्रवेश केला. त्यांस जपानी भाषा उत्तम येत असे. म्हणून संघाच्या धर्मगुरूंबरोबर दुभाषी होऊन ते जपानास परत गेले. ज्या देशात पूर्वी व्यापार केला होता, त्याच देशात आता ते केवळ देण्यासाठी गेले. पुढे छळ सुरू झाला. क्योतो नगरात त्यांच्या व सोबत्यांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला, ऐन हिवाळ्यात त्यांस नागासाकीपर्यंत चालवीत नेण्यात आले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी पंचवीस सोबत्यांसह त्यांस क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले. १८६२ साली ख्रिस्तसभेने त्यांस संतपद दिले. प्रभूच्या क्रुसाकडे पाहून वसईच्या ह्या सुपुत्राने केवळ अश्रू ढाळिले नाहीत. स्वतःचे शरीर देऊन त्याने ह्या प्रीतीस उत्तर दिले.

आपणांपैकी कोणी म्हणेल, फादर, असा प्रसंग आम्हांवर कोठे येणार? खरे आहे. नागासाकीचा क्रूस आपल्या वाट्यास बहुधा येणार नाही. आपल्या वाट्यास येतो तो वाडीच्या बांधावरचा क्रूस, सामाईक विहिरीवरचा क्रूस, वडिलोपार्जित घराच्या वाटणीतला क्रूस. आणि खचित सांगतो, तो उचलणे कित्येकांस जड जाते.

प्रभूने सांगितलेला निर्दय दासाचा दाखला आपण जाणता. त्यातील आकडे मात्र आपण सहसा मोजून पाहत नाही. तो दास राजाचे दहा हजार तलांत देणे लागत होता. एक तलांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे ते ऋण सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके झाले. वर्षाकाठी तीनशे दिवस राबूनही ते फेडावयास दोन लक्ष वर्षे लागतील! राजाने ते सर्व सोडून दिले. दाराबाहेर पडताच ह्याला आपला सोबती भेटला, जो ह्याचे शंभर दिनार देणे लागत होता. आणि ह्याने त्याचा गळा धरिला. आता हे शंभर दिनार क्षुल्लक होते काय? मुळीच नाही. शंभर दिवसांची मजुरी ती! गरीब मनुष्यास ती रक्कम मोठीच. प्रभू असे म्हणत नाही की, तुझ्या भावाने तुझे काहीच नुकसान केले नाही. तो इतकेच विचारितो की, हे शंभर मोजताना ते सहा कोटी तुला आठवतात काय?

येथे एक हकीकत सांगणे आम्हांस अवश्य वाटते, आणि ती सांगताना आमचाही दोष उघडा होणार आहे. आम्ही तरुणपणी दुसऱ्या एका धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू होतो. तेथे दोन सख्खे भाऊ होते. दोघांची घरे एकाच अंगणात, परंतु अंगणाच्या मधोमध कुंपण घातलेले. वाडीच्या बांधावरून वाद झाला होता. कोर्टात दावा चालू होता, आणि कित्येक वर्षे त्यांचे बोलणे बंद होते. दोघेही धार्मिक. एक मंदिरात डावीकडे बसे, दुसरा उजवीकडे. दोघेही ख्रिस्तशरीर स्वीकारीत. शुभ शुक्रवारी दोघेही क्रुसाचे चुंबन घेत आणि दोघांचेही डोळे ओले होत. हे सर्व आम्ही वेदीवरून पाहत होतो. दुःखसहनावर आमची प्रवचने ऐकून लोक हुंदके देत, आणि आम्हांस वाटे की, आमचे काम झाले. त्या अंगणात आम्ही मात्र कधी गेलो नाही. घरगुती तंट्यात धर्मगुरूने पडू नये, असे सांगून आम्ही आपल्या मनाचे समाधान करून घेतले होते.

त्यांची आई थकली होती. धाकट्याकडे राहत असे. उपवासकाळात तिला ख्रिस्तशरीर देण्यास आम्ही गेलो. प्रार्थना झाल्यावर ती म्हणाली, “फादर, माझे दोन्ही मुलगे माझ्यासाठी मिस्सा सांगतात ना?” आम्ही म्हटले, होय, दोघेही सांगतात. ती म्हणाली, “वेगवेगळ्या सांगतात. मला एवढ्या नकोत. मला एकच मिस्सा पाहिजे, उपकारस्तुतीची. देवाने मला पुष्कळ दिले. पण ती दोघांनी मिळून सांगितलेली पाहिजे.” एवढे बोलून ती भिंतीकडे वळून निजली. आम्ही घरी परतलो. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. जे आम्ही इतकी वर्षे प्रवचनांतून सांगू शकलो नव्हतो, ते त्या निरक्षर बाईने चार वाक्यांत सांगितले होते.

चार दिवसांनी धाकटा नेहमीप्रमाणे मिस्सा सांगावयास कार्यालयात आला. आम्ही वही उघडिली आणि त्याच्या आईचे शब्द त्यास जसेच्या तसे सांगितले. तो उभा राहिला, काही बोलला नाही, पैसे तसेच मुठीत घेऊन निघून गेला. नंतर आम्ही थोरल्याच्या घरी गेलो, त्या अंगणात प्रथमच. त्यासही तेच सांगितले. तो म्हणाला, “फादर, बांध माझा आहे.” आम्ही म्हटले, “असेल. आम्ही बांधाविषयी बोलावयास आलो नाही.” त्याने चहा दिला, आम्ही तो घेतला आणि परतलो. आता दोघेही दुरावले, अशीच आमची समजूत झाली.

झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या सायंकाळी दोघे भाऊ कार्यालयाच्या दारात उभे होते. एकमेकांकडे पाहत नव्हते. थोरला म्हणाला, “आईची मिस्सा लिहा.” नाव कोणाचे लिहू, असे आम्ही विचारिले. धाकटा म्हणाला, “दोघांचे.” पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या आठवड्यात ती मिस्सा झाली. आईला खुर्चीत बसवून दोघांनी दोन बाजूंनी उचलून आणिले होते. आम्ही हे सांगताना काही वाढवून सांगत नाही. बांधाचा दावा त्या दिवशी मिटला नाही. मोजणी व्हावयास पुढे दोन वर्षे लागली, आणि थोरल्याच्या मनासारखा निकालही लागला नाही. परंतु कुंपणास एक फाटक बसले. आई त्याच पावसाळ्यात प्रभूच्या घरी गेली, आणि तिची शवपेटी त्या फाटकातून बाहेर निघाली.

बंधुभगिनींनो, ख्रिस्ताचे ऋण आपणांकडून फिटणारे नाही. ते फेडावे, अशी त्याची अपेक्षाही नाही. त्याने आपल्या वतीने दुसऱ्यास उभे केले आहे, आणि म्हटले आहे की, जे मला द्यावयाचे ते ह्यास दे. भुकेल्यास दिलेले अन्न त्यास पोहोचते, आणि भावास केलेली क्षमाही त्यासच पोहोचते. म्हणून ह्या राहिलेल्या दोन आठवड्यांत आपण तीन गोष्टी कराव्यात, अशी आमची विनंती आहे. पहिली, रोज पाच मिनिटे क्रुसासमोर बसून, प्रभूने हे माझ्यासाठी केले, एवढेच मनात म्हणावे. दुसरी, शुभ शुक्रवारची वाट न पाहता पापनिवेदन करावे, आणि उपवासाने वाचलेला घास भुकेल्याच्या हाती स्वतः नेऊन द्यावा. तिसरी आणि सर्वांत कठीण: ज्याच्या दारात आपण पुष्कळ दिवस गेलो नाही, त्याच्या दारात जावे. न्याय सोडावा, असे आम्ही म्हणत नाही. फाटक बसवावे, इतकेच म्हणतो.

हा आमचा उपदेश केवळ आपणांसाठी नाही. आमच्या वहीतही एक दार आहे, ज्याकडे आम्ही टाळाटाळ करीत आलो आहोत. येत्या आठवड्यात आम्ही तेथे जाणार आहोत. आमच्यासाठी प्रार्थना करावी.

महोत्सवाच्या दिवशी ह्या वेदीवर उपकारस्तुतीची महामिस्सा होईल. पताका लागतील, वाद्ये वाजतील, ज्यांनी हे मंदिर उभारिले त्यांची नावे वाचली जातील. त्या दिवशी येथे डावीकडे व उजवीकडे बसलेले दोन पक्ष नसावेत; दोघांनी मिळून सांगितलेली एकच मिस्सा असावी, हीच आमची ह्या धर्मग्रामाकडे मागणी आहे.

हे प्रभू येशू, तू आम्हांसाठी जे केले ते जाणण्याची बुद्धी आम्हांस दे. आमचे अश्रू वाया जाऊ देऊ नकोस. त्यांतून क्षमा उगवू दे. तू ज्या रात्री भाकर हाती घेऊन पित्याचे आभार मानिलेस, त्या रात्रीच्या तुझ्या उपकारस्तुतीत आमच्या ह्या लहानशा धर्मग्रामाचा स्वर मिळवून घे. आमेन.